टीमक्सची सेटिंग लागू का होत नाही? कोणती फाइल कोण वाचतं, कधी वाचतं

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या पावसाच्या आकड्यांवर रात्रभर चालणारी पायथन स्क्रिप्ट एका सर्व्हरवर चालवायची आहे. लाइट गेली की राउटर बंद पडतो, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) तुटतं आणि काम अर्धवट राहतं. म्हणून लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे टीमक्स, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम, घेतलं. ~/.टीमक्स.कॉन्फ मध्ये ओळी लिहिल्या, पण एकही लागू होईना. लॅपटॉपच्या साध्या टर्मिनलमध्ये चालणारे एलियस (आज्ञांना दिलेली छोटी नावं) टीमक्समध्ये चालत नाहीत. लॉगिन होताच टीमक्स उघडावं म्हणून सर्व्हरच्या ~/.बॅशआरसी मध्ये एक ओळ घातली, तर आरसिंकने फाइली जाणंच बंद झालं. आणि मराठी नावांच्या फाइलींच्या जागी नुसत्या अंडरस्कोरच्या रांगा दिसतात. शेवटी विचारलंय, "टीमक्स काढूनच टाकू का?"

काढू नका. तक्रारी चार दिसतात, पण मूळ एकच आहे. सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइली तीन-चार आहेत, प्रत्येक फाइल वाचणारा वेगळा आहे आणि वाचायची वेळही वेगळी आहे. हे एकदा नीट लक्षात आलं की कोणती ओळ कुठे घालायची, हा प्रश्नच उरत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. सर्व्हर तुमचा एकट्याचा आहे की सामायिक, लिनक्स कोणतं, शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) बॅश की झेडएसएच, टीमक्सची आवृत्ती कोणती. आवृत्ती 'टीमक्स -व्ही' ने कळते, व्ही कॅपिटल. मी बॅश आणि टीमक्स ३ च्या पुढची आवृत्ती धरून लिहितो आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्यात आधी टीमक्स कुठे चालतंय ते बघा. एसएसएच तुटलं की सर्व्हरवरचं तुमचं टर्मिनल बंद होतं, त्यातल्या शेलला हँगअपचा सिग्नल जातो आणि त्याच्या हाताखालची स्क्रिप्टही मरते. टीमक्सचा सर्व्हर ही त्या टर्मिनलपासून सुटी झालेली प्रक्रिया असते, म्हणून ती टिकते. पण टीमक्स लॅपटॉपवर उघडून त्याच्या आतून एसएसएच केलं, तर टिकते ती लॅपटॉपवरची खिडकी. सर्व्हरवरची स्क्रिप्ट मरतेच. त्यामुळे क्रम असा: आधी एसएसएच, मग सर्व्हरवर टीमक्स. लॅपटॉपवरचं टीमक्स हवं तर ठेवा, पण रात्रीच्या कामासाठी त्याचा उपयोग शून्य. दोन्हीकडे एकात एक चालू असेल, तर कंट्रोल-बी (टीमक्सला आज्ञा देण्याआधी दाबायची कळ) दोनदा दाबल्यावर ती आतल्या टीमक्सला पोचते.

आता ओळी लागू का होत नाहीत ते. टीमक्सचे दोन भाग आहेत, मागे चालणारा सर्व्हर आणि तुम्हाला पडदा दाखवणारा क्लायंट. पहिल्यांदा 'टीमक्स' म्हटलं की सर्व्हर जन्माला येतो आणि त्याच क्षणी, फक्त त्याच क्षणी, आधी /ईटीसी/टीमक्स.कॉन्फ आणि मग तुमची ~/.टीमक्स.कॉन्फ वाचतो. ३.१ पासून ~/.कॉन्फिग/टीमक्स/टीमक्स.कॉन्फ ही जागाही चालते. कोणतीही एकच ठेवा, दोन्हीकडे ठेवून गोंधळ वाढवू नका. यानंतर तुम्ही डिटॅच करा (काम चालू ठेवून बाहेर पडा), टर्मिनल बंद करा, नवं सेशन (खिडक्यांचा संच) उघडा, सर्व्हर तोच जुना राहतो आणि त्याच्या डोक्यात जुन्याच ओळी असतात. '-एफ' देऊन वेगळी फाइल दाखवली तरी चालू सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही फाइल बदलत राहिलात आणि सर्व्हर पहिल्या दिवसापासून चालूच होता, इतकंच झालंय.

फाइल पुन्हा वाचायला लावायची आज्ञा:

टीमक्स सोर्स-फाइल ~/.टीमक्स.कॉन्फ

ती एका बटणावर बसवून टाका. कॉन्फमध्ये ही ओळ घाला:

बाइंड आर सोर्स-फाइल ~/.टीमक्स.कॉन्फ \; डिस्प्ले "फाइल पुन्हा वाचली"

पुढे कंट्रोल-बी आणि लहान आर दाबलं की झालं. मात्र याची एक मर्यादा आहे आणि लोक हमखास इथे अडतात. सोर्स-फाइल म्हणजे फाइलीतल्या ओळी वरून खाली पुन्हा चालवणं. आधीचं पुसणं त्यात नाही. तुम्ही एखादी बाइंडची ओळ फाइलीतून काढली, तरी ते बटण चालू सर्व्हरमध्ये तसंच राहतं. ते घालवायला 'अनबाइंड' लिहावं लागतं. 'सेट -एजी' ने मागे जोडलेली किंमत तर प्रत्येक वाचनाला आणखी एकदा जोडली जाते.

पाटी कोरी करायची म्हणून 'टीमक्स किल-सर्व्हर' सांगितलेलं तुम्हाला जागोजागी सापडेल. स्क्रिप्ट चालू असताना ते चुकूनही करू नका, कारण सगळी सेशनं एका झटक्यात जातात. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर उभा करा:

टीमक्स -एल चाचणी -एफ ~/.टीमक्स.कॉन्फ न्यू

इथे एल कॅपिटल, एफ लहान. '-एल' मुळे सॉकेट (क्लायंट आणि सर्व्हर यांना जोडणारा दुवा) वेगळा होतो, म्हणून हा सर्व्हर नवा जन्मतो आणि फाइल पहिल्यापासून वाचतो. फाइलीत चूक असेल तर उघडताक्षणी ओळीच्या क्रमांकासह सांगतो. रात्रीच्या कामाच्या सर्व्हरला धक्काही लागत नाही. ही चाचणी दुसऱ्या एसएसएच लॉगिनमधून करा. चालू टीमक्सच्या आतून केली तर एकात एक उघडू नका म्हणून तो अडवेल. काम झालं की 'टीमक्स -एल चाचणी किल-सर्व्हर'. एखादी किंमत खरोखर लागू आहे का ते 'टीमक्स शो -जी' आणि 'टीमक्स शो -एस' ने दिसतं. फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा हे दोन काय म्हणतात ते खरं.

फाइलीत काय ठेवायचं? थोडंच. 'सेट -जी माउस ऑन' ठेवा. माउसने मजकूर निवडताना आता टीमक्स मध्ये येतं, म्हणून नेहमीसारखं कॉपी करायचं असेल तर बहुतेक टर्मिनलमध्ये शिफ्ट दाबून ओढायचं. 'सेट -जी हिस्टरी-लिमिट २००००' ठेवा. मूळ किंमत २००० ओळींची आहे, रात्रभराच्या आउटपुटला ती पुरत नाही. ही मर्यादा फक्त नंतर उघडलेल्या खिडक्यांना लागते. बदल करून जुन्याच खिडकीत वर सरकवत बसलात तर फरक दिसणार नाही. बेस-इंडेक्स, रंग, खालची पट्टी हा आवडीचा भाग, त्यात मी शिरत नाही.

एस्केप-टाइमबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या नेटवर्कशी त्याचा थेट संबंध आहे. एस्केप दाबल्यावर टीमक्स थोडं थांबतं. बाणाचं बटणही एस्केपनेच सुरू होणारे तीन बाइट पाठवतं, तेव्हा हे नुसतं एस्केप आहे की बाणाची सुरुवात, ते त्याला ठरवायचं असतं. ही थांबायची वेळ आधी ५०० मिलिसेकंद होती, ३.५ पासून १० झाली. ५०० वर विम (टर्मिनलमधला एडिटर) वापरताना एस्केप जड वाटतं, म्हणून बरेच जण शून्य लिहायला सांगतात. ब्रॉडबँड चांगलं असेल तर शून्य खपून जातं. पण लाइट गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात आणि ते तीन बाइट दोन तुकड्यांत पोचले, की टीमक्स पहिल्याला एस्केप समजतं आणि उरलेलं चौकटी कंस आणि अक्षर म्हणून फाइलीत टाइप होतं. म्हणून 'सेट -एस एस्केप-टाइम २०' ठेवा. हॉटस्पॉटवर तरीही बाण बिघडले तर ५० करा.

रंगांसाठी 'सेट -जी डिफॉल्ट-टर्मिनल "टीमक्स-२५६कलर"'. त्याआधी सर्व्हरवर 'इन्फोसीएमपी टीमक्स-२५६कलर' चालवून पाहा. ओळखत नाही म्हणाला तर 'स्क्रीन-२५६कलर' लिहा. आणि ~/.बॅशआरसी मध्ये 'एक्सपोर्ट टर्म=...' अशी ओळ असेल तर ती काढा. ती टीमक्सने दिलेली किंमत पुसून टाकते, मग विमचे रंग आणि पडद्याची आखणी बिघडते आणि दोष मात्र टीमक्सला जातो.

एलियसचं कोडं. बॅश दोन तऱ्हांनी उघडतं. लॉगिन शेल असेल तर /ईटीसी/प्रोफाइल वाचून नंतर ~/.बॅश_प्रोफाइल, ~/.बॅश_लॉगिन, ~/.प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि वाचता येणारी जी पहिली सापडेल तेवढीच एक वाचतं. साधं इंटरॅक्टिव्ह शेल असेल तर ~/.बॅशआरसी वाचतं. लॅपटॉपवरचं टर्मिनल बहुधा दुसऱ्या प्रकारचं शेल उघडतं, टीमक्स मात्र प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं. तुमचे एलियस ~/.बॅशआरसी मध्ये आहेत, म्हणून बाहेर चालतात आणि आत नाहीत. खात्री करायची तर दोन्हीकडे 'शॉप्ट लॉगिन_शेल' चालवा. बाहेर ऑफ, आत ऑन दिसेल. सर्व्हरवर हा फरक तुम्हाला जाणवला नसेल, कारण एसएसएचने मिळतं तेही लॉगिन शेलच असतं.

उबुंटूत मुळात ~/.प्रोफाइल मधून ~/.बॅशआरसी बोलावलेली असते, त्यामुळे अडचण यायला नको. ती येते बहुधा अशी: एखाद्या इन्स्टॉलरने किंवा आपणच ~/.बॅश_प्रोफाइल तयार केलेली असते, ती आधी सापडते आणि ~/.प्रोफाइल वाचलीच जात नाही. 'एलएस -ए ~' करून पाहा. सापडली तर तिच्या शेवटी ही ओळ घाला:

[ -एफ ~/.बॅशआरसी ] && . ~/.बॅशआरसी

कॉन्फमध्ये 'डिफॉल्ट-कमांड' ला शेलचं नाव देऊन टीमक्सलाच साधं शेल उघडायला लावता येतं, पण मी वरचाच उपाय सुचवेन. तो लॅपटॉप, सर्व्हर, टीमक्स सगळीकडे सारखा चालतो. त्यासोबत एक शिस्त पाळा: पाथ आणि एक्सपोर्ट प्रोफाइलच्या फाइलीत, एलियस आणि प्रॉम्प्ट बॅशआरसीत. पाथमध्ये पुढे काही जोडत असाल तर ते आधीच आहे का हे तपासून जोडा, नाहीतर टीमक्सच्या प्रत्येक खिडकीत तोच फोल्डर पुन्हा जोडला जाऊन पाथ लांबत जातो. झेडएसएच वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, त्याची ~/.झेडएसएचआरसी प्रत्येक इंटरॅक्टिव्ह शेल वाचतं.

आरसिंक बंद पडलं त्याचं कारणही बॅशआरसीच. आरसिंक एसएसएचवरून सर्व्हरवर एक आज्ञा चालवतं. तिथे माणूस नाही, टर्मिनल नाही. पण एसएसएचने सुरू केलेलं बॅश अशा वेळीही ~/.बॅशआरसी वाचतं. तुमची ओळ तिथे टीमक्स उघडायला जाते. ओळीत 'एक्झेक' असेल तर शेलची जागाच टीमक्स घेतं, टर्मिनल नाही म्हणून तेही बंद पडतं आणि आरसिंकची पाळी येतच नाही. बॅशआरसीत एखादा 'एको' असला तरी आरसिंक बिथरतं, कारण त्याच्या संवादात परका मजकूर घुसतो. उबुंटूच्या बॅशआरसीत अगदी वर इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिरणारा तुकडा असतो. तुमची ओळ त्याच्याही वर गेली असणार.

ओळ ठेवायचीच असेल तर फाइलीच्या शेवटी अशी ठेवा:

इफ [[ $- == *आय* && -झेड $टीमक्स && -एन $एसएसएच_कनेक्शन ]]; देन
टीमक्स न्यू -ए -एस काम
फाय

पहिली अट शेल इंटरॅक्टिव्ह आहे का ते बघते, त्यातला आय लहान. दुसरी आपण आधीच टीमक्सच्या आत नाही ना ते, तिसरी एसएसएचने आलो आहोत का ते. दोन्ही चलांची नावं पूर्ण कॅपिटल. '-ए' कॅपिटल आहे, त्यामुळे 'काम' नावाचं सेशन असेल तर त्यालाच जोडतं, नसेल तर नवं करतं. 'एक्झेक' मुद्दाम नाही. उद्या टीमक्स उघडलंच नाही तरी साधं शेल हाती राहावं. आणि ही फाइल बदलताना एक एसएसएच लॉगिन उघडं ठेवा, तपासणी दुसऱ्या लॉगिनने करा. बॅशआरसीतल्या एका चुकीने स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकायला वेळ लागत नाही.

त्याहून बरा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या बॅशआरसीला हातच लावायचा नाही. लॅपटॉपवरच्या ~/.एसएसएच/कॉन्फिग मध्ये त्याच सर्व्हरच्या दोन नोंदी करा. 'होस्ट पाऊस' साधी, आरसिंकसाठी. 'होस्ट पाऊस-रात्र' मध्ये तोच पत्ता आणि वर या दोन ओळी:

रिक्वेस्टटीटीवाय येस
रिमोटकमांड टीमक्स न्यू -ए -एस काम

रिमोटकमांड ओपनएसएसएच ७.६ पासून आहे. दोन नोंदी का, तर रिमोटकमांड असलेल्या नोंदीवरून आरसिंक चालत नाही, दोन आज्ञा एकदम घेता येत नाहीत असं म्हणून एसएसएच नकार देतं. दोन्ही नोंदींत 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०' आणि 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३' घाला, म्हणजे तुटलेलं कनेक्शन साधारण दीड मिनिटात कळतं आणि गोठलेल्या पडद्यासमोर बसून राहावं लागत नाही.

अंडरस्कोर. टीमक्सचा क्लायंट जोडताना एलसी_ऑल, एलसी_सीटाइप, लँग ही चलं याच क्रमाने बघतो. जे पहिलं भरलेलं सापडेल त्यात 'यूटीएफ-८' ही अक्षरं शोधतो. नसतील तर इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर अंडरस्कोर करून दाखवतो. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. भारतासाठीची 'इएन_आयएन' आणि 'एमआर_आयएन' ही लोकेल (भाषा आणि लिपीच्या सेटिंगची नावं) आतून यूटीएफ-८ च असतात, पण त्यांच्या नावात ते लिहिलेलं नसतं. बाकी सगळे प्रोग्रॅम नीट मराठी दाखवतात आणि टीमक्सच तेवढं 'पाऊस' च्या जागी रेघा मारतं. 'लोकेल' चालवून बघा. मग प्रोफाइलच्या फाइलीत 'एक्सपोर्ट एलसी_सीटाइप=सी.यूटीएफ-८' घाला, 'एक्सपोर्ट' सोडून बाकी पूर्ण कॅपिटलमध्ये, आणि एलसी_ऑल रिकामं ठेवा. आत्ता लगेच हवं असेल तर डिटॅच करून 'टीमक्स -यू अटॅच' म्हणा. हे क्लायंटपुरतं असतं, त्यामुळे सर्व्हर किंवा स्क्रिप्ट बंद करावी लागत नाही. रिमोटकमांडच्या मार्गाने येताना प्रोफाइल वाचली जात नाही, म्हणून तिथे 'टीमक्स -यू न्यू -ए -एस काम' असंच लिहा. अक्षरं दिसू लागली तरी वेलांटी आणि जोडाक्षरांपाशी कर्सर सरकलेला वाटेल. अक्षराची रुंदी टर्मिनल एक धरतं आणि टीमक्स दुसरी, तो हिशेब कॉन्फच्या ओळीने जुळत नाही. आकड्यांच्या फाइलींची नावं रोमनमध्ये आणि आतला मजकूर मराठीत, ही सोय बरी.

आता रोजच्या मांडणीची फाइल. सेशन आणि खिडक्या उघडणाऱ्या ओळी ~/.टीमक्स.कॉन्फ मध्ये घालू नका, प्रत्येक सोर्स-फाइलला त्या पुन्हा चालतात. वेगळी स्क्रिप्ट करा:

इफ ! टीमक्स हॅज -टी =काम २>/डेव्ह/नल; देन
टीमक्स न्यू -डी -एस काम -एन हिशेब -सी ~/पाऊस
टीमक्स न्यू-विंडो -टी काम -एन लॉग -सी ~/पाऊस
टीमक्स सेंड-कीज -टी काम:लॉग 'टेल -एफ रात्र.लॉग' एंटर
टीमक्स सेंड-कीज -टी काम:हिशेब 'पायथन३ -यू हिशेब.पीवाय २>&१ | टी -ए रात्र.लॉग'
फाय
टीमक्स अटॅच -डी -टी काम

टेलचा एफ कॅपिटल घ्या, म्हणजे लॉग फाइल अजून तयार नसली किंवा मध्येच नवी झाली तरी तो तिला धरतो. हिशेबच्या ओळीत शेवटी 'एंटर' मुद्दाम नाही. आज्ञा टाइप होऊन थांबते, एंटर तुम्ही दाबायचं. मांडणी उभी करणं आणि आठ जिल्ह्यांचं काम सुरू करणं या दोन गोष्टी आपोआप एकत्र होऊ नयेत. अटॅचला '-डी' असल्यामुळे तुटलेल्या जुन्या कनेक्शनचा अडकलेला क्लायंट सुटतो.

सर्व्हरवर टीमक्स नसेल आणि जुनं स्क्रीन असेल, तर त्याची फाइल ~/.स्क्रीनआरसी. तिथे प्रत्येक सेशन ही वेगळी प्रक्रिया असते आणि ते उघडताना फाइल वाचली जाते, म्हणून बदल पुढच्या सेशनपासून दिसतो. 'डेफस्क्रोलबॅक १००००' एवढं नक्की घाला.

टीमक्स मेमरीत जगतं, हे धरून चाला. सर्व्हर रीबूट झाला की सगळं जातं. टीमक्स-रेझरेक्ट आणि कंटिन्युअम ही प्लगइन खिडक्या, त्यांची आखणी आणि फोल्डर परत आणतात, पण अर्ध्यावर थांबलेला पायथन पुढे चालू करत नाहीत. त्यासाठी हिशेब.पीवाय मध्येच प्रत्येक जिल्हा संपल्यावर निकाल लिहायची आणि झालेला जिल्हा पुढच्या वेळी वगळायची सोय हवी. रोज ठरलेल्या वेळी, कोणी न बघता चालायचं काम असेल तर ते सिस्टमडीच्या टायमरला द्या. रीबूट न होताच, नुसतं लॉगआउट केल्यावर सेशन नाहीसं होत असेल तर 'अपटाइम' बघून रीबूट नाही याची खात्री करा. मग /ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ मध्ये 'किलयूजरप्रोसेसेस=येस' आहे का ते पाहा. असेल तर 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' करा आणि टीमक्स 'सिस्टमडी-रन --स्कोप --यूजर' लावून सुरू करा. सामायिक सर्व्हरवर आधी तिथल्या ॲडमिनला विचारा.

हे सगळं तपासायला लाइट जाण्याची वाट बघू नका. 'पाऊस-रात्र' ने आत जा, हिशेबच्या खिडकीत एंटर दाबा आणि राउटरचा प्लग काढा. दोन-तीन मिनिटांनी परत लावा, नेट आलं की साध्या 'पाऊस' नोंदीवरून 'टीमक्स एलएस' चालवा. सेशनपुढची तयार झाल्याची वेळ जुनीच दिसली आणि रात्र.लॉग मध्ये प्लग बाहेर असतानाच्या ओळी सापडल्या, की रात्रीचं काम लावायला हरकत नाही.